हे परंगीचं फूल नव्हे

मार्गळी महिना, म्हणजे तुमचा मार्गशीर्ष-पौष, लागला की आमच्या गल्लीत सूर्याच्या आधी कोविलातला, म्हणजे देवळातला, भोंगा उठतो. मग कुत्री उठतात, मग दूधवाला, मग बायका. पुरुष उठतात सगळ्यात शेवटी, कानाला मफलर गुंडाळून, जसं काही बर्फातून वाट काढत जायचंय. तंजावरची थंडी ती केवढी! पण वर्षातून थोडेच दिवस मिळते, म्हणून लोक तिचं कौतुक करून घेतात. मी मफलर बांधत नाही. कधी बांधला नाही. खांद्यावर तुंडू टाकतो आणि मागच्या अंगणात जातो. तुंडू म्हणजे आमचा पंचा. अंग पुसायला, घाम टिपायला, डास हाकलायला आणि थंडीत मिरवायला एकच.

मागच्या अंगणात विहिरीच्या अंगाला माझी डे-लिली आहे. आधी तिची पानं बघावी. लांब, हिरवीगार, मधून भांग पाडल्यासारखी दोन्हीकडं वाकलेली. त्या भांगातून एक सरळ दांडी वर येते, माणसाच्या कमरेइतकी, आणि तिच्या टोकाला कळ्या. कोवळ्या असताना हिरव्या मिरच्यांसारख्या, पिकायला लागल्या की पिवळ्या वेलची केळ्यांसारख्या फुगतात. आज पहाटे त्यातली एक उघडत होती. पाकळी उघडताना दिसत नाही. आपण तांब्याभर पाणी घालायला वळतो आणि परत बघतो तर झालेलं असतं. मी कितीदा ठरवलं की डोळा हलवायचा नाही, आज पकडायचीच. अजून पकडली नाही. पकडीन.

या फुलाचं आयुष्य एका दिवसाचं. पहाटे उघडतं, सांजेला मिटतं, दुसऱ्या दिवशी ओल्या चिंधीसारखं लोंबतं. शेजारची कळी तोवर तयार असते. मला आधी याचा राग यायचा. उभी हयात मी शेतातल्या पाण्याच्या मोटरी दुरुस्त केल्या. पापनाशमपासून ओरत्तनाडूपर्यंत कालव्याकाठच्या कुठल्या गावात मी सायकल टेकली नाही असं नाही. माझ्या हातची मोटर एकदा चालू झाली की शेतकरी माझं नाव विसरायचा, इतकी ती टिकायची. अशा माणसाला एका दिवसाची वस्तू कशी पटावी? पण आता वाटतं, बरंय. हे फूल उद्यावर काही टाकत नाही. आज बघा नाहीतर राहू द्या, असं त्याचं म्हणणं. हे थोडं माझ्यासारखंच.

हे रोप अंबूनं आणलं. अंबुजा, माझी एकुलती मुलगी. ओरत्तनाडूच्या एका शाळेत शिकवते. मुलांना घेऊन ती येरकाडच्या डोंगरावर सहलीला गेली होती. तिथल्या एका माळ्यानं ओल्या गोणपाटात गुंडाळून गड्डे दिले, नाव सांगितलं, आणि वर म्हणाला, हे थंड हवेचं झाड, खाली तुमच्या तंजावरात पानं देईल, फूल द्यायचं नाही. अंबूनं हे हसत हसत सांगितलं. झालं! शाळा मी तिसरीपर्यंत केली, तीही मास्तरांशी पटेना म्हणून अर्धवट. पण 'होणार नाही' हा शब्द मला अजून कुणी शिकवू शकलेलं नाही.

आमच्याकडची माती भाताची. पाणी दिलं की पोटाशी धरून बसते. भाताला ते छान, पण या लिलीची मुळं त्यात कुजायला लागली. मग मी विहिरीजवळ जुन्या कौलांचे तुकडे पसरले, त्यावर नदीची वाळू, त्यावर शेणखत घातलेली माती, असा गुडघ्याएवढा चौथरा केला. दुपारच्या उन्हात नारळाच्या झावळ्या तिच्यावर सावली धरतात अशी जागा बघितली. पानं आली, इतकी आली की पुसू नका. फूल नाही. एक वर्ष नाही, दुसरं नाही, त्यापुढचंही नाही. शेजारची सेल्वी अक्का कुंपणावरून मान वर करून रोज विचारायची, "राव अण्णा, आजपण गवताला पाणी? त्यापेक्षा एक म्हैस घ्या की, गवत तरी सार्थकी लागेल."

"म्हैस घेतली तर तू रोज तांब्या घेऊन दारात," मी म्हणायचो.

"मग? शेजारी कशाला असतात?"

आमची कमळा, म्हणजे अंबूची आई, चुलीकडून ऐकत हसायची. तिचा माझ्यापेक्षा सेल्वीवर जीव.

पण मला सांगायचंय ते त्या एका मार्गळीचं. चार-पाच वर्षं झाली असतील. दर वर्षी ती मार्गळी माझ्यासमोर येऊन उभी राहते.

त्यासाठी आधी परंगीच्या फुलाची गोष्ट सांगितली पाहिजे. परंगी म्हणजे तांबडा भोपळा. तुमच्याकडं रांगोळी, तसा आमच्याकडं कोलम. मार्गळीत पहाटे सडा घालून दारात मोठा कोलम काढतात. त्याच्या मधोमध शेणाचा लहान गोळा ठेवतात आणि गोळ्यात परंगीचं पिवळं फूल खोचतात. ओल्या काळ्या रस्त्यावर पांढऱ्या रेघा, मध्ये ते पिवळं फूल. मी देवळाच्या मोठमोठ्या गोपुरांखाली वाढलेला माणूस, पण एवढं सुंदर दुसरं काही बघितलं नाही. पुष्कळ घरं नुसती शोभा म्हणून ते फूल ठेवतात. आमच्या गल्लीत मात्र त्या फुलाला तोंड आहे. ते सांगतं, या घरात लग्नाचं माणूस आहे. मार्गळीत लग्नाची बोलणी करत नाहीत. नुसतं फूल बघून घर मनात धरायचं, आणि पुढचा तै महिना लागला की पानसुपारीचं ताट घेऊन यायचं.

आम्ही मराठे या मातीत इतक्या पिढ्या आहोत की कुठलं आमचं आणि कुठलं इथलं, हे वेगळं काढायला गेलं तर अंगावरचं कातडं निघेल. देवापुढं आरती मराठी, दारात कोलम तमिळ. कमळानं अंबूसाठी वर्षानुवर्षं परंगीचं फूल ठेवलं. तै महिन्यात माणसं आली. घरात तुपात रवा भाजल्याचा वास, केसरी म्हणजे आमचा शिरा, केळ्याची भजी, अंबूच्या अंगावर अंजिरी रेशमी पट्टुसाडी. एकांनी विचारलं, नोकरी सोडशील ना? एकांनी विचारलं, वय जरा जास्त वाटतं, पत्रिकेत बरोबर लिहिलंय ना? एका बाईंनी तर तिला चालून दाखवायला लावलं. मी तेव्हा उठून उभा राहिलो, कमळानं माझ्या वेष्टीचं, म्हणजे धोतराचं, टोक धरून खाली बसवलं. पुढच्या वर्षी पुन्हा फूल, पुन्हा केसरी.

त्या वर्षी मार्गळीच्या आधी, एका संध्याकाळी अंबू धुतलेल्या साड्यांच्या घड्या घालत होती. घालता घालता म्हणाली, "अम्मा, यंदा परंगीचं फूल ठेवायचं नाही."

"का ग?"

"बसमधल्या बायका मला विचारतात, यंदापण फूल ठेवलंय का तुमच्या दारात? शाळेतल्या मुलींनाही माहीत आहे. मला लग्न नकोच असं नाही. पण दारात पाटी लावल्यासारखं मला नको."

कमळा म्हणाली, "लोक बोलतात तर बोलू देत."

अंबूनं घडी पुरी केली. "ओरत्तनाडूत आमच्या शाळेतल्या एक बाई वरची खोली द्यायला तयार आहेत. परंगीचं फूल दारात दिसलं की मी तिकडं राहायला जाईन. शनिवार-रविवार येत जाईन."

ती ओरडली असती तर मी घाबरलो नसतो. आमच्या घरात ओरडणं रोजचं. ती हळू बोलली. माझीच मुलगी, बोलली म्हणजे करणार.

शनिवार-रविवार! म्हणजे रोज संध्याकाळी काय? रोज संध्याकाळी ती बसमधून उतरते, तिण्णैवर, म्हणजे पुढच्या ओट्यावर, चपला उडवते, पाय पसरून बसते आणि त्या दिवसाची शाळा सांगते. हेडमास्तरांची चाल, शिपायाची जांभई, मुलांची भांडणं, अस्कं करून दाखवते. अस्कं म्हणजे सगळं, आमच्याकडं असंच म्हणतात. कमळा हसता हसता डोळ्याला पदर लावते. मी हसत नाही, मी तिकडं बघून मिशी ओढतो. पण त्या वेळेला मी कुठंही गेलेलो असलो तरी परत येतो.

त्या वर्षी पाऊस मुक्कामालाच आला होता. गल्लीतले परंगीचे वेल कुजले, फूल मिळेना. बायका बाजारात शोधायच्या. मला मनातून बरं वाटलं. कमळा पहाटे कोलम काढायची, मध्ये शेणाचा गोळा ठेवायची, पण फुलाशिवाय. गोळा कशाला, असं अंबूनं विचारलं तर म्हणाली, "गोळ्याबद्दल तू काही बोलली नव्हतीस." मायलेकी दोघी सारख्याच. मधे मी.

आणि अशात लिलीच्या भांगातून दांडी आली. आधी मला वाटलं जाड पानच असेल. मग टोकाला गाठी दिसल्या. मी कुणाला बोललो नाही. रोज सकाळी जायचो, खाली बसायचो, बोटानं हलकं दाबायचो. कमळा म्हणाली, "बाई ग, नवी नवरी घरात आली तेव्हा एवढं बघितलं नव्हतं." सेल्वी अक्कानं कुंपणावरून बघितलं आणि पहिल्यांदाच तिला बोलायला काही सुचलं नाही. तेवढ्यावरच माझी सगळी वर्षं वसूल झाली.

पहिली कळी रविवारी उघडली. मी उठून मागं गेलो तर दांडी होती, बाकीच्या कळ्या होत्या, फूल नव्हतं. देठाच्या जागी ताजा ओला तुकडा. माझ्या तोंडातून काय काय निघालं ते लिहिण्यासारखं नाही. पुढच्या दारात आलो तर कोलमाच्या मधोमध, शेणाच्या गोळ्यात, माझं फूल. इतकी वर्षं वाट बघायला लावून आलेलं, पिवळंधमक, आणि बाजूला पिठाची वाटी घेऊन कमळा उकिडवी बसलेली.

"अगे, माझं फूल!"

"अंबूनं परंगीचं म्हटलं होतं," कमळा म्हणाली. "हे परंगीचं आहे का? सांगा. नाही ना? मग झालं."

वकिलांच्या घरी जन्माला यायची ती.

तेवढ्यात दार करकरलं. अंबू उंबऱ्यात उभी होती, केस मोकळे, डोळ्यांत झोप. तिनं फुलाकडं बघितलं. आईकडं बघितलं. आत गेली आणि कपाटावरची पिशवी खाली काढल्याचा आवाज आला.

कमळाच्या हातातलं पीठ तिथंच सांडलं. "अहो, तिला सांगा की! परंगीचं नाहीय म्हणून सांगा!"

मी काय सांगणार? लांबून पिवळं ते पिवळंच. गल्लीला काय कळतंय पाकळ्या मोजायला! आणि तसंच झालं. सेल्वी अक्का दूध घ्यायला आली, फूल माझं हे ओळखूनही अर्थ तोच घेऊन गेली. दुपारी उन्हं कलताना तीच एका बाईंना आणि त्यांच्या भावाला घेऊन आली. पापनाशमची माणसं, आमच्यातलीच, बाईंच्या मुलासाठी स्थळ बघत होती.

"पेरिय कोविलला दर्शनाला आलो होतो," बाई म्हणाल्या. "सेल्वी म्हणाली, जवळच आपलं मराठी घर आहे. म्हटलं, सहज डोकावून जावं."

मार्गळीत माणसं सहजच येतात. कोविलाच्या वाटेवर फूल दिसतं म्हणून.

"फूल बघितलं दारात," भाऊ हसत म्हणाले.

कमळानं आत रवा भाजायला घेतला होता, सवयीनं. वास आला. आणि त्या वासाबरोबर अंबूच्या खोलीतली पिशवीची चेन कर्रकन ओढल्याचा आवाज आला. मी ओट्यावर बसलो होतो, तो उठलो.

"फूल बघितलंत ना? या, दाखवतो."

बाईंना वाटलं मुलगी दाखवतो. त्यांनी पदर सारखा केला, भावानं घसा साफ केला. मी त्यांना माजघरातून, अंबूच्या दारावरून, चुलीजवळून, मागच्या दारानं बाहेर नेलं आणि चौथऱ्यापुढं उभं केलं.

"हे."

"हे काय?"

"फूल ह्याचं. डे-लिली. परंगीचं नव्हे. डोंगरावरचं झाड आहे, इथं फुलणार नाही म्हणत होते. खाली कौलं घातलीत बघा, त्यावर वाळू, म्हणजे मुळाशी पाणी राहत नाही. सकाळचं ऊन पाहिजे, दुपारचं नको..."

मी सांगत राहिलो. शेणखत किती जुनं पाहिजे ते सांगितलं. पिवळी पानं कशी काढायची ते वाकून दाखवलं. बाई इकडंतिकडं बघत होत्या. भाऊ मात्र वाकले, माती चिमटीत धरून बघितली. "पाणी रोज घालता की एक दिवसाआड?"

"दादा!" बाई म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. "राव, मुलगी कुठं आहे?"

"मुलगी घरात आहे. आज तिची सुट्टी आहे."

"मग दारात फूल कशाला ठेवलं?"

"फुललं म्हणून ठेवलं," मी म्हणालो, आणि जरा मोठ्यानं म्हणालो, मला मोठ्यानंच बोलता येतं. "आमच्या दारातलं फूल आजपासून नुसतं फूल. माझ्या मुलीबद्दल काही विचारायचं असेल तर तिला तोंड आहे, तिला विचारायचं. ती हो म्हणाली तर मी मांडव घालीन. नाही म्हणाली तर तुम्हाला कापी पाजीन. चालायला लावायचं, वय मोजायचं, हे या घरात बंद."

खिडकीच्या आत काहीतरी हललं. मी तिकडं बघितलं नाही.

बाईंना राग आला, येणारच. कापीही, म्हणजे कॉफीही, न घेता निघाल्या. भाऊ मागं रेंगाळले, हळूच म्हणाले, "गड्डा फुटला तर एक द्याल का?"

"तै महिन्यात या," मी म्हणालो. "ताट नको, गोणपाट आणा."

ते गेल्यावर सेल्वी अक्कानं कपाळावर हात मारला. "राव अण्णा, सोन्यासारखं स्थळ घालवलंत!"

"मग तू कर."

"मला नवरा आहे की!"

"त्याला विचारून बघ. कदाचित सुटका म्हणून हो म्हणेल."

ती हसत, शिव्या घालत गेली. कमळानं केलेली केसरी आम्ही तिघांनी खाल्ली. सांजेला अंबू बाहेर येऊन ओट्यावर बसली. कोलम दिवसभराच्या पायांनी पुसट झाला होता आणि मध्ये फूल हळूहळू अंग आवरून घेत होतं.

"मिटलं," ती म्हणाली.

"उद्या दुसरं आहे," मी म्हणालो.

पिशवीचं काय, हे मी विचारलं नाही. कमळा खुणा करत होती, विचारा, विचारा. मी विचारणाऱ्यातला नाही. पण घरात जाता जाता नजर गेलीच. पिशवी खाटेवर होती, भरलेली, चेन लावलेली.

सोमवारी पहाटे मी भोंग्याच्या आधी उठलो. मागं गेलो. दुसरी कळी उघडायची होती, तिच्या जागी पुन्हा तोच ओला तुकडा.

"कमळे!"

चुलीकडून आवाज आला, "मी नाही! देवाची आण, मी आजून बाहेरसुद्धा गेले नाही!"

मी पुढच्या दारात आलो. गल्लीत धुकं होतं, आमच्याकडं पडतं तसलं, चाळणीतून गाळल्यासारखं. कोलम काढलेला होता. कमळाचे कोलम नाजूक, बारीक रेघांचे. हा ठसठशीत, फळ्यावर खडूनं काढावा तसा, एका कोपऱ्यात चुकलेला. ओल्या केसांना पंचा गुंडाळून अंबू वाकली होती आणि शेणाच्या गोळ्यात फूल खोचत होती. जरा तिरकं बसलं, तिनं काढून परत नीट बसवलं.

सेल्वी अक्का दुधाचं भांडं घेऊन थबकली. "अय्यो, अंबू! आज तूच? मग आम्ही आता काय समजायचं ग?"

"फूल फुललंय असं समजा, अक्का."

"आणि कुणी विचारायला आलं तर?"

"अप्पा झाड दाखवतील."

सेल्वी भांडं हिंदकळेपर्यंत हसली. मी हसलो नाही. मी म्हणालो, "माझं फूल न विचारता तोडलंस."

"मागं विहिरीपाशी कोण बघतंय ते, अप्पा? इथं गल्ली बघेल." तिनं हात धुतले. "परवाची कळी तुमची. तिला कुणी हात लावणार नाही."

मग तिची रोजची धावपळ. साडी, डबा, छत्री. मी ओट्यावर बसून होतो, कान आत. खोलीत ती एकदा गेली, बाहेर आली तेव्हा खांद्याला शाळेचीच पिशवी होती. बाहेरच्या रस्त्यावर ओरत्तनाडूची बस वळताना हॉर्न देते, तो वाजला. ती पळत निघाली, कोलमाला वळसा घालून, आणि कोपऱ्यावर पोचल्यावर मागं वळून ओरडली, "अम्मा, कापीपूड संपलीय ना? संध्याकाळी येताना आणते!"

कापीपुडीचा डबा काठोकाठ भरलेला होता. शनिवारीच मी दळून आणली होती. कमळा माझ्या शेजारी दारात उभी होती. तिलाही ते ठाऊक होतं.

"आण ग," ती म्हणाली. "जरा जास्तच आण."